मोजणाऱ्याचा हात

सुरतेत उधन्याच्या त्या गल्लीत पूर्वी बळी तो कान पिळी असा कारभार. नळावर पहिला नंबर कुणाचा, मंडप कुठे पडणार, सगळं घरमालकाचा माणूस ठरवी. हा कारभार मोडला तो पॉवरलूमवर राबणाऱ्या श्रीपतनानांनी. त्यांनी तेवीस घरं ओट्यावर बसवली आणि सांगितलं, घरटी एक हात. जिकडे हात जास्त, तिकडचं खरं. मोजायचे ते स्वतः. मोजणीवर कुणी संशय घेऊ नये म्हणून त्यांनीच एक नियम घातला होता: मोजणाऱ्याचा हात खाली.

सात वर्षं हे चाललं. नानांना त्याचा केवढा अभिमान! पाचामुखी परमेश्वर, असं म्हणत ते मिशीला पीळ देत, आणि बौद्धाच्या तोंडी परमेश्वर कुठून आला म्हणून त्यांची बायको चंद्रभागाबाई त्यांची फिरकी घेत.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात शहरात प्लेग आला. दहा घरं कुलपं ठोकून खानदेशात पळाली, तेरा उरली. त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईंना ताप भरला. हुडहुडी भरे, घाम सुटे, ताप उतरे, पुन्हा चढे. नानांनी दारोदार सांगितलं, हा हिवताप आहे, खोकला नाही, रक्त तपासायला दिलंय, दोन दिवस थांबा. पण शेजारच्या हिलालने बैठक बोलावली. हिलाल काही दुष्ट नव्हता. घरात चार लहान पोरं, भीतीने त्याची झोप उडाली होती. ताप असेल त्याने गल्ली सोडावी, असं त्याचं म्हणणं.

नाना विनवू लागले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "नियम तर तुमनाच शे, नाना."

नाना उठले आणि मोजू लागले. अकरा हात वर. विरोधात समोरच्या घरातल्या एकट्या पुष्पाबाईंचा. नानांचा हात खालीच राहिला.

पलसाण्याला मेहुण्याची खोली होती, तिथे रिक्षातून नेताना चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या, "मी दारातून पाह्यत व्हते. तुमचा हात वर नही गेला." आपल्या एका हाताने काय फरक पडणार होता, हे नाना त्यांना सांगू शकले नाहीत. पाचव्या दिवशी बाई गेल्या. प्लेगच्या गर्दीत अडकलेला रिपोर्ट त्यानंतर पुष्पाबाईंनी आणून दिला. मलेरिया होता.

दिवाळीपर्यंत सगळे परतले. हिलाल नानांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि हीच तर मेख आहे. वाईट माणसं असती तर भांडता तरी आलं असतं.

नानांनी पुन्हा बैठक बोलावली. माणसाचं घर, माणसाचं पाणी, आजाऱ्याचं अंथरूण, या गोष्टी हात वर करून ठरवायच्याच नाहीत, तेवीसपैकी बावीस एकीकडे असले तरी नाहीत, एवढंच त्यांचं मागणं. मग एकाने विचारलं, मग हातांना किंमत काय राहिली? शेवटी हिलाल चाचरत म्हणाला, यावर हात घ्यावे का?

नाना कडवट हसले. गल्लीत ठरवायची दुसरी रीतच त्यांनी ठेवली नव्हती. मोजायला त्यांनी हिलाललाच उभं केलं.

नानांनी हात वर केला. बाकीचे जमिनीकडे बघत बसले. हात वर करणं म्हणजे त्या दिवशीचा आपला हात चुकला होता, हे कबूल करणं. पळालेल्या दहा घरांनाही त्यात पडायचं नव्हतं. पुष्पाबाई लेकाकडे कामरेजला कायमच्या गेल्या होत्या.

"एक," हिलाल म्हणाला.

लोक उठले, आपापल्या घरी गेले. नानांचा हात वरच होता.