गिरधरला कोण सांगणार

बातमी आली तेव्हा मी क्वार्टरमागच्या नळावर दात घासत होतो. शनिवारची सकाळ. साइटवरचा एक जण सायकलने आला, उतरलाही नाही. एक पाय टेकवून म्हणाला, "तुमच्या दादाले ड्यूटीवर छातीत कळ आली. गेले." मी चूळ भरली. जीभ घासली. मग निघालो. माझ्या मोठ्या भावाने लहानपणीच लावून दिलेला क्रम, हातांनी आपोआप पुरा केला.

तेव्हापासून घरात बसवत नाही. पावर हाउस वस्तीच्या बाजारापर्यंत चालत जातो, काही न घेता परततो. वाटेत कुणीतरी थांबवतं आणि दादाचा किस्सा सांगतं. असे बरेच साठलेत, आणि बहुतेक सगळे तोंडाच्या वासाचे.

त्याला कारण आहे. दादा कारखान्याच्या बांधकामावर लोखंडी गर्डर चढवणाऱ्या टोळीचा मुकादम. तिथला आवाज असा, की बोलायचं तर समोरच्याच्या कानाला तोंड लावूनच. म्हणून नव्या गड्याला दादा पहिल्याच दिवशी म्हणायचा, "तोंड उघड, हा कर."

साकोलीच्या एकाने विचारलं, "हे मेडिकल आहे का जी?"

"मेडिकल डॉक्टरनं केलं. मी माह्या कानासाठी पास करून राहिलो."

स्टोअरकीपर वामनराव रोज पेस्टने दात घासत. पण जेवणात कच्चा कांदा, चूळ भरायचा कंटाळा आणि वर वेलची. सगळे हातभर अंतर ठेवून बोलत. शेवटी दादाच म्हणाला, "वामनराव, नालीवर अगरबत्ती लावून का होते? जेवल्यावर खळखळून चूळ भरा. जीभ घासा."

वामनरावांनी बोलणं सोडलं. काही दिवसांनी आपणच येऊन उभे. "जीभ कायनं घासू, ते तर सांगितलं नाही." दादाने कडुनिंबाची काडी उभी चिरून हातात दिली.

कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाला लसूण फार प्रिय. दुभाषा म्हणाला, "हे मी भाषांतर करणार नाही." मग दादाने साहेबासमोर दातण चावलं, दात घासून दाखवले आणि दुसरं दातण त्याला दिलं. साहेबाने ते सबंध चावून गिळलं.

"होऊ द्या," दादा म्हणाला. "अंदरून साफ होईन."

अवघड बोलणं असलं की लोक ते दादाकडे आणत. शेवटचं आणलं शेजारच्या शेवंतावहिनीने. तिचा नवरा गिरधर रेल्वे यार्डात कामाला. इकडे येऊन तो गुडाखू शिकला. तंबाखू-गुळाचा काळा लगदा तो. बोटाने दातांवर फिरवायचा आणि दात घासले म्हणायचं. गिरधरचं दिवसभर तेच.

वहिनी दादाला म्हणाली, "भाऊजी, हे माह्यं बोलणं हसण्यावारी नेते. तुमचं ऐकन. नाही तर दिवाळीले गेली की मी मायेरीच राहतो."

"रविवारी सांगतो," दादा म्हणाला. त्याच्या आदल्या दिवशीच तो गेला.

काल वहिनी नळावर हळूच म्हणाली, "भाऊजी, दिवाळी आली. आता तुमीच सांगा."

संध्याकाळी गेलो. गिरधर ओट्यावर बसला होता, बोट काळं. मला पाहून सरकला, जवळ बसवून घेतलं, खांद्यावर हात टाकला. मग साइटवर बोलतात तसं अगदी कानाशी तोंड आणलं. तो रडत होता.

"दादानं क्वार्टरच्या साऱ्या लाइनीले तोंडावर सांगितलं, कोनाले सोडलं नाही. मले कधी एक शब्द बोलला नाही. मी शेवंताले तेच सांगून राहिलो, आपलं तोंड साफ आहे, दादाचं सर्टिफिकेट आहे."

दारात वहिनी उभी होती.

गुडाखूचा वास येत होता, तरी मी मान वळवली नाही. मग उठून पावर हाउसकडे चालू लागलो. गिरधरला अजून कुणी सांगितलेलं नाही.