भाऊबीज, किती किलो?

आमच्या ह्यांनी छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या शेतीखात्यात बसून दुसऱ्यांच्या फायलींवर 'कृपया स्पष्ट करें' असं लिहिलं. इतक्या सुंदर अक्षरात लिहायचे, की फाईल परत गेलेल्या माणसाला रागसुद्धा येत नसे म्हणे. मला येतो. कारण निवृत्त झाल्यापासून हे वाण्याच्या यादीवर लिहितात. 'रवा – जाड की बारीक? कृपया स्पष्ट करें.' नाव गुलाबराव, वय अडुसष्ट, मुक्काम मयूर विहार, दिल्ली. आणि मी त्यांची बायको, कल्पना. माझा मुक्कामही तिथेच, इलाज नाही.

ह्यांना एकच बहीण, हेमलता. लग्न होऊन ती नोएडाला आली, त्याला चाळीस वर्षं झाली. दर भाऊबीजेला हे तिच्याकडे जायचे. आधी बसने, मग स्कूटरने, मग मेट्रोने. एकदा तर पाय प्लास्टरमध्ये होता तरी गेले. तिने ओवाळलं की ताटात पाकीट टाकायचं, पाकिटावर रुपयाचं नाणं ठेवायचं, बासुंदी खायची आणि परत यायचं. चाळीस वर्षांत एक खाडा नाही. मागच्या वर्षी हेमलताचे यजमान गेले आणि मुलगा जयदीप तिला मेलबर्नला घेऊन गेला.

दिवाळीच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला. एरवी ही बाई बोलायला लागली की आपण मधे पोळ्या करून यावं. त्या दिवशी मात्र गप्प गप्प. शेवटी म्हणाली, "दादा, इथे सगळे छान वागतात रे माझ्याशी. मी आई आहे, आजी आहे. पण कुणाची बहीण आहे असं वाटतच नाही. यंदा भाऊबीज राहू दे. फोनवर कसलं ओवाळायचं?"

ह्यांनी घसा खाकरला. "राहू दे म्हणजे? तू ताट कर. ओवाळणी ताटात पडेल. जबाबदारी माझी."

फोन ठेवून मला म्हणाले, "अगं, मोबाईलवरून ऑस्ट्रेलियाला पैसे जातात ना?"

जातात की. सगळ्यांचे जातात. पण सगळे लोक पैसे पाठवतात, आमचे हे प्रस्ताव सादर करतात. धनत्रयोदशीला सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मोबाईलसमोर बसले. रक्कम दोन हजार एक. बँकेच्या ॲपने सांगितलं, फी पाचशे नव्वद. त्यावर अर्धा तास संताप झाला. मग पुढचा रकाना आला : पैसे कशासाठी पाठवता? खाली यादी. मी म्हटलं, "अहो, 'भेट' दाबा आणि मोकळे व्हा."

"भेट? ओवाळणी म्हणजे भेट नव्हे. तो तिचा हक्क आहे."

"मग 'नातेवाइकांचा निर्वाह' दाबा."

"तिचा निर्वाह जयदीप करतो. मी खोटं लिहू?"

आणि त्यांनी 'इतर' दाबलं. छत्तीस वर्षं ज्या माणसाने 'इतर' लिहिणाऱ्यांना रडवलं, त्याने स्वतःच्या बोटाने 'इतर' दाबलं. खाली चौकट उघडली, तीत इंग्रजी अक्षरांत टाईप केलं : भाऊ, मग जागा सोडली, मग बीज.

दुसऱ्या दिवशी बँकेतून फोन. मी चकल्या तळत होते, ह्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"सर, भदौरिया बोल रहा हूँ. आपका ट्रान्सफर होल्ड पे है. ये भाऊ बीज कौन सी कंपनी है?"

"कंपनी नहीं. भाऊ मतलब मैं."

"अच्छा, आपकी कंपनी है. और बीज किस चीज़ के हैं?"

आता इथे साध्या माणसाने 'भाईदूज' म्हटलं असतं. चाळीस वर्षं दिल्लीत राहून हा शब्द ह्यांना ठाऊक नाही असं नाही. पण चुकीचा प्रश्न आला की बरोबर उत्तर न देता प्रश्नच दुरुस्त करायचा, ही जुनी खोड. म्हणाले, "देखिए, बीज मतलब द्वितीया. मतलब दूसरी."

"दूसरी क्वालिटी के बीज?"

माझ्या हातातला झारा कढईत पडला.

"अजी, बीज नहीं है! बीज होता तो बाहर के देश का मामला है, कृषि विभाग की परमिशन लगती, तपासणी होती..." आणि पुढची पाच मिनिटं ह्यांनी त्या बिचाऱ्याला बियाण्यांचे सगळे नियम पाठ म्हणून दाखवले.

"सर, आपको तो इसकी पूरी जानकारी है," भदौरियांचा आवाज आता अगदी सावध झाला. "आपके रेकॉर्ड में भी कृषि मंत्रालय लिखा है. कितने किलो का ऑर्डर है?"

संध्याकाळी मोबाईलवर बँकेचा संदेश आला. शेवटची ओळ होती : 'कृपया स्पष्ट करें.'

खरं सांगते, मी इतकी हसले की शेजारची स्वरूपा दार वाजवून विचारून गेली. हे मात्र गंभीर. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कागद घेऊन बसले आणि अकरा मुद्द्यांचं उत्तर तयार केलं. मुद्दा एक, यम आणि त्याची बहीण. मुद्दा चार, तिथी मोजण्याची पद्धत. ॲपच्या चौकटीत मावत होती शंभर अक्षरं. हे मुद्दा एकच्या पहिल्या ओळीतच अडकले. शेवटी मी फोन हिसकावला आणि लिहिलं : 'भाईदूज है. बहन को देना है. प्लीज़.'

"मुद्दा चार राहिला," हे म्हणाले.

पाडव्याला मी ह्यांना ओवाळलं तेव्हा पाचशे रुपये माझ्या हातात पडले. कुणी कारण विचारलं नाही, फी कापली नाही. पण ह्यांचं लक्ष मोबाईलकडे. तिथे एकच शब्द : विचाराधीन. हा ह्यांचा नोकरीतला लाडका शब्द. त्या दिवशी मात्र जेवण गेलं नाही. रात्री म्हणाले, "कल्पना, ती ताट करून बसेल गं. मी म्हटलं होतं, पडेल म्हणून." तेव्हा मला हसू आलं नाही.

भाऊबीजेला साडेबाराला भदौरियांचा फोन. "अरे सर, पहले दिन ही भाईदूज बोल देते! मैंने कर दिया है. पहुँचने का नहीं बोल सकता, आज भी हो सकता है, परसों भी. मैं निकल रहा हूँ, हापुड में मेरी बहन भी बैठी है."

एकला व्हिडिओ कॉल लागला. मेलबर्नला संध्याकाळ झालेली. जयदीपच्या टॅबसमोर हेमलता नऊवारी नेसून, हातात निरांजन लावलेलं ताट. आणि ताटात, दरवर्षी पाकीट पडतं तिथे, तिने आपला मोबाईल ठेवला होता. ह्यांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

तिने ओवाळलं. मोबाईल गप्प. "असू दे रे दादा," ती म्हणाली.

मग मात्र मला राहवेना. मी मधे तोंड घालून सगळं सांगून टाकलं. दूसरी क्वालिटी, कितने किलो, परमिशन, सगळं. हेमलता हसली. ताट हलायला लागलं, जयदीप धावत आला, त्याने ताट धरलं, तरी ही हसतेच. "वहिनी, पुन्हा सांगा, कितने किलो?" मेलबर्नला गेल्यापासून आईला असं हसताना पाहिलं नव्हतं, असं जयदीप नंतर म्हणाला. हे आधी रुसले, मग स्वतःच भदौरियांची नक्कल करायला लागले.

तेवढ्यात तिच्या ताटात टुणकन वाजलं. हळदी-कुंकवाच्या मधोमध मोबाईल उजळला. तिने चष्मा लावून वाचलं.

"दादा," ती ओरडली, "बियाणं पोचलं!"

ह्यांनी तोंड फिरवलं, चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, निरांजनाचा धूर गेला डोळ्यात.

निरांजन मेलबर्नला होतं.