मावसाजींची हनवटी

सातपुड्याच्या पायथ्याला पाण्याखाली काय चाललं आहे, हे देवाच्या खालोखाल जर कुणाला ठाऊक असेल तर ते आमच्या मावसाजींना. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. जिल्हा परिषदा नुकत्याच निघाल्या होत्या, त्या काळात मी वरवट बकालच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि मावशीकडेच मुक्काम ठोकला. स्वतःच्या घरात मावसाजींना चष्मा सापडत नसे आणि चष्मा सापडला तर चप्पल सापडत नसे. पण गावाबाहेरच्या लहानशा तळ्यात, ऐन थंडीत, मासे मेले की काय म्हणून बाकीचे लोक घरी बसत, तेव्हा बोटभर मासोळ्या नेमक्या कुठं दाटीवाटीनं उभ्या आहेत हे मावसाजी सांगत. "थंडीत मासोळी मानसावानीच करते बे," ते मला समजावत. "सारं घर सोडते अन् एका खोलीत जमते. आपुन फक्त ते खोली हुडकाची."

ही खोली हुडकण्याचा सोहळा बघण्यासारखा असे. मावसाजी आधी काठावर पालथे पडून कोपर पाण्यात बुडवत. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बायका बघतात ना, तसं. त्या दिवसांत तळ्यावर शेवाळाची जाड साय धरलेली असे. बांबूला विळा बांधून ते त्या सायीत परातीएवढं भोक पाडत आणि त्यातून एक दोरी सोडत. दोरीला हात-हात अंतरावर गाठी, टोकाला ऑइल इंजिनाचा एक जुना नट. दोरी तळाला टेकली की ती हातभर वर ओढून, मासोळ्यांचे धक्के बोटांना कळावेत म्हणून डोळे मिटत आणि आम्हाला श्वासही हळू घ्यायला लावत. मी दोनच डोळ्यांनी जग बघणारा साधा मास्तर, थंडीनं माझे दात वाजायचे, तर ते म्हणत, "दातं आवर मास्तर, खाली ऐकू जाते."

दोरीला गळ का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं आणि सगळं रामायण ऐकलं. काही वर्षांपूर्वी मावसाजी तापानं असे पडले होते की लोकांनी आशा सोडली. मावशीनं नवस केला, हे वाचले तर दोघंही तुळशीची माळ घालू. मावसाजी शुद्धीवर आले तेव्हा माळ गळ्यात होती आणि मासे घरातून कायमचे गेले होते. "मले कोनी इचारलंच नाई," ते तक्रार करत. "गळ्यात माळ आली अन् हातातला गळ गेला. पन डोळे तं जाग्यावरच हायेत ना?" खरं म्हणजे त्या घरात मासोळीचं खरं वेड मावशीला. रश्श्याच्या लोभानं ती माहेरची लग्नंसुद्धा चुकवायची. पण नवस केल्यापासून तिनं मासोळीचं नावही काढलं नव्हतं.

मावसाजी मात्र इतरांना जागा दाखवत. मावशीनं बजावलं, "बोट दाखोनं बी पापच हाय." मावसाजींना ते एकदम पटलं आणि त्या दिवसापासून ते हनवटीनं दाखवू लागले. पंचक्रोशीतले गळवाले मागं उभे राहून त्या हनवटीचा रोख बघत आणि रोखावरून भांडत. एकदा ऐन मोक्याला मावसाजींना शिंक आली. शेजारच्या टेलरनं शिंकेच्या दिशेनं गळ फेकला आणि कुणाची तरी मोडकी छत्री बाहेर काढली. तो चिडला तर मावसाजी शांतपणे म्हणाले, "शिंकेतबी काहीतरी सापडलंच ना तुले?"

मग एका थंडीत मावशीच आजारी पडली. ताप उतरला, पण अन्न जाईना. भात पुढे केला की मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही. दुपारी ग्लानीत ती पुटपुटली, "मासोळीचा रस्सा." जागी झाल्यावर विचारलं तर, "म्या कायले म्हनू?" एरवी दिवसभर वाद घालणारे मावसाजी उठून टेलरकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते, मी आणि गळ घेऊन टेलर तळ्यावर गेलो. पण मावसाजींची हनवटी अशी थडथडत होती की तिच्या रोखानं टेलर सगळ्या तळ्यावर गळ फेकून दमला. ती नुसती थंडी नव्हती. शेवटी मावसाजींनी सरळ हात वर केला आणि बोट दाखवलं. "ते पाह्य, तठी. लागू दे पाप."

अर्ध्या तासात वाटीभर मासोळ्या मिळाल्या. मावशीनं त्या बघितल्या आणि तोंड भिंतीकडे केलं. "तुमच्या जिवासाठी घातली ना माळ? एका रश्श्यापायी तुमचा जीव पनाले लावू?" मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतका हरलेला माणूस मी वर्गातसुद्धा पाहिला नव्हता. मग वाटी उचलून ते बाहेर पडले.

थोड्या वेळानं मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे, टेलरच्या अंगणात, चूल पेटली. फोडणीचा वास आत आला. मावशीनं डोळे उघडले. दोनदा नाक ओढलं. "टेलरनीच्या हाताले लसनाचा अंदाजच नाई," ती म्हणाली. नंतर जरा वेळानं, कुठंतरी बघत, "एक चतकोर भाकर दे बरं. कांदा बी दे."

मी भाकरी आणायला वळलो तेव्हा दारातून दिसलं. भिंतीच्या वर एक सूप खालीवर होत होतं. मावसाजी रश्श्यावर वारा घालून वास इकडे लोटत होते. मावशीलाही ते पडल्यापडल्या दिसत होतं. घास चावता चावता तिचे डोळे भरले. "त्याइले म्हन, बस करा. हात दुखीन." मी जाऊन सांगितलं. मावसाजींनी सूप काही थांबवलं नाही. मावशीनं त्या दिवशी अख्खी भाकरी खाल्ली आणि महिनाभरात हिंडूफिरू लागली.

मावसाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यानंतर एकदा मावशीला भेटायला गेलो होतो तेव्हा मी म्हणालो, "मावशे, नवस त्यांच्या जिवासाठी होता. तो फिटला. आता तरी मासोळी खा." ती हसली.

"खाईन बापा," ती म्हणाली, "पन वारा कोन घालीन?"