हिरव्या पाटीच्या दुकानातला शिक्का

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाखनीतल्या एका दुकानातली ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. त्या वेळी मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. दाखले अजून ऑनलाइन मिळत नव्हते. कागद, सही आणि शिक्का एवढ्यावर लोकांचं आयुष्य पुढे सरकत होतं.

आसगावकडचा एक धानशेतकरी मुलीला घेऊन ठाण्यात आला. मुलीचा नर्सिंगचा प्रवेश रद्द झाला होता, कारण तिचा उत्पन्नाचा दाखला बनावट निघाला होता. तहसील कार्यालयाबाहेर भेटलेल्या एका एजंटाने तो काढून दिला होता.

"आमाले काय मालूम साहेब, शिक्का तर खराच दिसे," बाप सांगत होता. फिर्याद लिहून घेताना आमच्या ठाणे अंमलदाराने मुलीला दोनदा पाणी विचारलं, तेव्हा तिने फक्त मान हलवली.

गुन्हा दाखल केला. एजंटाने नाव खोटं सांगितलं होतं आणि त्याचा मोबाइल बंद होता. चार दिवसांत तसेच आणखी दाखले समोर आले, सगळ्यांवर एकच शिक्का. मग कचेरीच्या आवारात टंकलेखन करणाऱ्या आमच्या एका खबऱ्याने सांगितलं, "साहेब, इतका साफ शिक्का आपल्या इकडे एकाच ठिकाणी बनते. हिरव्या पाटीवाल्याकडे."

हिरव्या पाटीची दुकानं जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होती. मालक एका बौद्ध मजूर कुटुंबातला. तरुणपणी तो सायकलला पेटी बांधून भंडाऱ्याच्या सरकारी कार्यालयांमधून फिरायचा. फायली, कार्बन पेपर, टाचण्या, शाईचे पॅड विकायचा. कारकुनांना जागेवर सामान मिळायचं, म्हणून तेच त्याची वाट पाहायचे. त्यातून आधी एक टपरी झाली, मग पक्कं दुकान. शहापूरला कॉलेजं आली तेव्हा हायवेवर दुसरं दुकान निघालं, मग पवनीला तिसरं आणि शेवटी लाखनीला चौथं. चारही ठिकाणी तशीच हिरवी पाटी आणि तोच भाव. गिऱ्हाइकाला आधी बसायला स्टूल द्यायचं, हीही चारही दुकानांची रीत. आमच्या ठाण्याची स्टेशनरीसुद्धा तिथूनच येत असे.

मी मालकाला चौकशीसाठी बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, शांत माणूस. खुर्ची दिली तरी काठावर बसला.

"सरकारी शिक्का आमी हापिसच्या पत्राशिवाय बनवतच नाही साहेब," तो म्हणाला. "माह्या चारही दुकानात हाच कायदा आहे."

मी एक बनावट दाखला त्याच्यापुढे सरकवला. त्याने चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हा मीनंच बनवला," तो म्हणाला.

माझा हवालदार माझ्याकडे पाहायला लागला. दहा मिनिटांपूर्वी ठाम नाही म्हणणारा माणूस एकदम कबूल झाला होता. मी विचारलं, कुणासाठी बनवला? "आला होता कोनी तरी." दिसायला कसा होता? "ध्यानात नाही." कुठे बनवला? तो म्हणाला, "लाखनीच्या दुकानात. शिक्क्याचं नवं मशीन तिथंच आहे."

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. पण त्याहीपेक्षा मला खटकत होतं ते वेगळंच. खरा गुन्हेगार कबूल होतो तेव्हा तो आपली बाजू मांडतो, दुसऱ्यावर ढकलतो, निदान रडतो तरी. हा माणूस फक्त लवकर संपावं म्हणून बोलत होता. स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी दोन पंच, एक महिला शिपाई आणि त्याला सोबत घेऊन लाखनी गाठली.

दुकान हायवेला लागून होतं. बाहेर ट्रक उभे होते आणि आत नव्या वह्यांचा वास होता. गल्ल्यावर एक चाळिशीची बाई बसली होती. ती मालकाची धाकटी बहीण. सासरी तिचे हाल झाले, तेव्हा भावाने तिला परत आणलं होतं. हे चौथं दुकान त्याने तिच्यासाठीच काढलं होतं, हे मला नंतर कळलं. भावाला पोलिसांसोबत पाहून ती उभी राहिली. भावाने तिच्याकडे पाहायचं टाळलं.

मी त्याला मशीनजवळ नेलं. "एक साधा शिक्का बनवून दाखवा. काहीही मजकूर चालेल."

त्याने मशीनचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. शेजारच्या संगणकाचं बटण शोधत राहिला. पंच एकमेकांकडे पाहू लागले. ज्याने सायकलवरून चार दुकानं उभी केली, त्याने या मशीनला कधी हातच लावला नव्हता.

"काय झालं दादा? साहेब काय म्हणून राहिले?" बहिणीने विचारलं.

मी सांगितलं की एक बनावट शिक्का यांनी बनवल्याचं ते कबूल करतात.

ती गल्ल्यामागून बाहेर आली. "दादा, तू काहून खोटं बोलून राहिला? तुले तर हे चालूबी करता येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शिक्का मी बनवला साहेब. यायले काहीच माहीत नाही."

"तू चूप बस बाई," भाऊ कळवळून म्हणाला. "तू कायले मधात पडते?"

पण ती थांबली नाही. महिला शिपाई शेजारी बसली आणि तिथेच तिचा जबाब घेतला. नीटनेटका, हातात फाईल घेतलेला एक माणूस आला होता. कचेरीतला कारकून असल्याचं सांगितलं. जुना शिक्का झिजला, साहेब खोळंबलेत, पत्र उद्या आणून देतो म्हणाला. तिने विश्वास ठेवला. "पत्र आलंच नाही, तवा मले समजलं," ती म्हणाली. "पन दादाले सांगायची हिंमत नाही झाली. त्यानं हे दुकान माह्या भरवशावर सोडलं होतं."

तोच माणूस आता कार्यालयाचा गोल शिक्काही मागत होता. नव्या नंबरवरून त्याने दोनदा फोन केला होता आणि ती टाळत आली होती. मी म्हणालो, त्याला बोलवा. भाऊ आडवा आला. "तिले यात नका ओढू साहेब. त्या मानसानं काही केलं तिले, तर?"

"फोन मीच लावते," बहीण म्हणाली. तिने नंबर लावला आणि रोजच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली.

बाजाराच्या दिवशी तो आला. आमचा साध्या वेशातला शिपाई पेन निवडण्याच्या निमित्ताने रेंगाळत होता. बहिणीने स्टूल पुढे केलं, तो बसला आणि आम्ही त्याला धरला. पिशवीत पहिला शिक्का आणि कोरे दाखले सापडले. पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला. बाईला फसवून शिक्का बनवून घेतल्याचं तपासात स्पष्ट झालं आणि दोषारोपपत्रात ती साक्षीदार झाली.

मधल्या काळात हिरव्या पाटीने बरंच सोसलं. ऑफिसांनी खरेदी थांबवली, पवनीच्या दुकानावर कुणीतरी शेण फेकलं. लोकांनी सल्ला दिला की लाखनीचं दुकान बंद कर, बहिणीला घरी बसव. त्याने बंद केलं नाही. साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वकिलाने बहिणीला विचारलं, "नियम मोडला तो तुम्हीच ना?" ती म्हणाली, "हो, मीच मोडला. अन् मोडायला लावणारा हा समोर उभा आहे." आरोपीला शिक्षा झाली. आसगावच्या मुलीला पुढच्या वर्षी खऱ्या दाखल्यावर प्रवेश मिळाला.

निकालानंतर न्यायालयाच्या पायऱ्यांवर मी मालकाला विचारलं, "बहिणीनेच बनवला हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही साहेब," तो म्हणाला. "पन इतका साफ शिक्का त्याच मशीनवर बनते, अन् मशीन तिच्यापाशी होतं. तुमी तिलेच विचारायले जानार होते. एकदा तिले लोकायनं उभं करून सवाल केले होते, सासरी. तवा मी तिथं नव्हतो."

पुढे नोकरीत अनेकजण माझ्यासमोर पटकन कबूल झाले. त्यांचा जबाब मी लिहून घेतलाच, पण लेखणी ठेवली की प्रत्येकाला एक प्रश्न विचारायला लागलो: घरी कोण कोण असतं?