माठावरचे तीन शब्द

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा मी जालन्याच्या कॉलेजातून तीन पुस्तकं घेऊन घरी आलो: एक जर्मन शिकवणारं, एक फ्रेंच आणि एक रशियन. ग्रंथपालांनी ती उन्हाळाभरासाठी दिली. आतल्या चिठ्ठीवर परतीची तारीख मारायची वेळ त्यांच्यावर तोवर एकदाही आली नव्हती. धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालाने पुसली आणि मला विचारलं, "तिन्ही?" मी हो म्हणालो. नंतर बसमध्ये वाटलं, एकच घ्यायला हवं होतं.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी कोणाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं कळलेलं नव्हतं. पण परक्या भाषा येणाऱ्याला दुभाष्याची नोकरी मिळते, असं एका सरांनी वर्गात सांगितलं होतं. ते मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि त्या उन्हाळ्यात मला शेतीच्या कामातून मोकळं केलं. दर उन्हाळ्यात उकिरड्यातलं शेणखत पाट्यांनी गाडीत भरायचं काम माझं असायचं. ते धाकट्या बहिणीकडे गेलं. ती सातवीनंतर घरीच होती. तिला चालेल का, हे मी विचारलं नाही.

पुस्तकं इंग्रजीतून शिकवत होती आणि माझं इंग्रजीच कच्चं. जर्मन शब्दाचा अर्थ इंग्रजीत सापडला की तो इंग्रजी शब्द पुन्हा मराठीत शोधायचा. त्यात तिन्ही पुस्तकांचा पहिला धडा जवळपास एकच होता: एक माणूस रेल्वेतून उतरतो आणि हॉटेलात खिडकीची खोली मागतो. पंधरा दिवसांत मला तीन भाषांत खिडकीची खोली मागता येऊ लागली. आमच्या घराला खिडकी नव्हती. भाकर मात्र एकाही पुस्तकात नव्हती.

मग मी ठरवलं, घरातल्या वस्तूंवरच त्यांची नावं लिहायची. जर्मन चुन्यानं, फ्रेंच गेरूनं, रशियन कोळशानं. दार, उंबरा, कणगी, जातं, चूल, सगळ्यांवर लिहिलं. माठ लाल, त्याच्यावर गेरू उठेना, म्हणून तिथं फ्रेंच हळदीनं लिहिलं. रोज सकाळी मी एकेका वस्तूला हात लावत, तिची तिन्ही नावं मोठ्यानं म्हणत घरभर फिरायचो. बहीण मागून झाडत यायची आणि पाय उचल म्हणायची.

अण्णांनी हे सगळं सहन केलं. पांढऱ्या बैलाच्या कपाळावर मी कोळशानं लिहिलं तेव्हा मात्र त्यांनी मला गोठ्यात बोलावलं. बहिणीला टेंभुर्णीहून स्थळ आलं होतं. घर चांगलं, मुलगा कामाचा, आणि मायनं तर मनातल्या मनात होकारही देऊन टाकला होता. पाहुणे रविवारी येणार होते. "रविवारच्या आत हे सगळं पुसून काढ," अण्णा म्हणाले. "तिच्या लग्नाचा सवाल हाय." मी बैल तेवढा लगेच पुसला. बाकीचं शनिवारी पुसायचं ठरवलं, कारण फ्रेंच क्रियापदं अर्धवट राहिली होती.

पण पाहुणे रविवारची वाट न बघता त्याआधीच, मंगळवारी आले. चतुर्थी होती; राजूरला गणपतीचं दर्शन झालं आणि इतक्या जवळ आलोच आहोत तर मुलगी बघूनच जाऊ, असं त्यांनी ठरवलं. मुलाचे वडील होते आणि मुलाची आत्या. मुलगा नव्हता, आधी मोठ्यांनी बघायचं, अशी पद्धत.

आत्याबाई दारातच थबकल्या. चौकटीवरची पांढरी, तांबडी, काळी अक्षरं त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली. रशियनमधलं एक अक्षर पाय फाकून बसलेल्या कोळ्यासारखं दिसतं, त्याच्यावर त्यांची नजर बराच वेळ राहिली. आत आल्यावर त्यांना कणगी दिसली, जातं दिसलं आणि शेवटी माठ दिसला. चुना, हळद आणि कोळसा, तिन्ही एकाच माठावर. मी तो रोज बघत होतो, पण तो बाहेरून आलेल्या माणसाला कसा दिसेल हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मायनं त्याच माठातलं पाणी तांब्यात आणून दिलं. आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला. मुलाच्या वडिलांनी आत्याबाईंकडे पाहिलं आणि त्यांनीही ठेवला. आमच्याकडे बघायला आलेल्या माणसांनी पाणी घेतलं नाही की बोलणं तिथंच संपतं. मायचा चेहरा उतरला. अण्णा जमिनीकडे बघत बसले.

आत्याबाईंनी हळू आवाजात विचारलं, "घरात कुनाला बाहेरचं काही हाय का?"

मी पुढे झालो. हे भुताखेताचं नाही, माझा अभ्यास आहे, या परदेशी भाषा आहेत, असं सांगितलं. ते एका दमात निघालं नाही, तीनदा अडखळलो. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. ज्याला बाधा झाली आहे तो हाच, असा त्यांचा समज झालेला मला स्पष्ट दिसला.

"अभ्यास हाय तर मंग वाच की," त्या माठाकडे बोट करून म्हणाल्या.

मी तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यात फक्त खिडकीची खोली आली. जर्मनमध्ये. तीच मी मागितली. मुलाचे वडील थोडे मागे सरकले.

तेवढ्यात बहीण चहाचा ट्रे घेऊन आली. तिला आतून सगळं ऐकू आलं होतं. तिनं ट्रे ठेवला, पदर नीट केला आणि मान खाली घालूनच म्हणाली, "पानी हाय ते, आत्याबाई. जर्मन लोक वासर म्हनत्यात, फ्रेंच लोक ओ म्हनत्यात, रशियन लोक वदा. दारावर दार लिव्हलंय आन् चुलीवर चूल. दुसरं काही न्हाई."

मग आत्याबाईंनी जात्याकडे बोट केलं. तिनं सांगितलं. कणगी, उंबरा, सगळं सांगितलं. त्यातलं एक नाव माझं पाठ नव्हतं.

"किती शिकली?"

"सातवी."

"आन् ह्यो?"

"कॉलेजात हाय."

"सातवीत हे शिकवत्यात?"

"न्हाई," बहीण म्हणाली. "हा रोज वरडत फिरतो आन् मी रोज घर झाडते."

आत्याबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तांब्या उचलला. पाण्यात एकदा बघितलं आणि घटाघट प्यायल्या. मुलाच्या वडिलांनी मग दोन तांबे घेतले. बिचारे उन्हातून आले होते. निघताना आत्याबाई मायला म्हणाल्या की पोरगी आम्हाला पसंत आहे, आणि तुमच्या या पोराला एकदा राजूरला नेऊन आणा.

संध्याकाळी मी बादली आणि चिंधी घेऊन पुसायला बसलो. बहिणीला विचारलं, नुसतं ऐकून इतकं कसं लक्षात राहिलं?

"खताच्या पाट्या उचलताना तोंडात काहीतरी लागतंच की," ती म्हणाली. "तुझ्याच वाट्याच्या पाट्या व्हत्या. मंग तुझेच शब्द घेतले."

मी चिंधी पिळली. माठ सोडून बाकी सगळं पुसलं. माठ राहू दे, असं मायच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून उरलेला उकिरडा मी उपसला. बहीण बाभळीच्या सावलीत बसून मला शब्द विचारायची. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं असायचं, पण रशियन अक्षरं तिला वाचता येत नव्हती. ती आठवणीनंच विचारायची. चुकलं की दोन पाट्या जास्त. गाडी त्या वर्षी वेळेच्या आधीच भरून झाली.