रेशनकार्डावर आईचा फोटो

धान्य बंद करून गरिबांच्या खात्यात थेट पैसे टाकावेत, असं आमच्या सोसायटीतले निवृत्त साहेब चहा पिता पिता सांगतात. टाका की! पण अहो, कुणाच्या खात्यात?

मी शाळेत असताना वारज्याला आमच्या घराला रेशनऐवजी रोखच मिळायची. वडील मार्केट यार्डात हमाल. रेशनचा गहू ते दुकानातच सोडायचे, दुकानदाराकडून पैसे घ्यायचे आणि "माल आलाच नाय" म्हणत रिकामी पिशवी खुंटीला अडकवायचे. पैसे गुत्त्यात जिरायचे, हे अख्ख्या आळीला ठाऊक. आई लोकांच्या घरी पोळ्या लाटायची आणि आम्ही दोघी बहिणी पातळ पेज पिऊन शाळेत जायचो. बाप झाला म्हणून काय झाकून ठेवू?

मग नियम आला: रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाई. वडील भडकलेच. "घर माझं, आन् प्रमुख ही?"

शेवटी त्यांनी तोडगा काढला, जोडीनं फोटो. आई डोक्यावर पदर घेऊन, पूजेला बसल्यासारखी त्यांच्या शेजारी बसली. कचेरीतल्या बाईंनी फोटो परत सरकवला. "लग्नाचा वाढदिवस आहे का? यांचा एकटीचा आणा."

आई एकटीचा काढून आली.

नवं कार्ड हातात पडताच तिनं ते कमरेला खोचलं. वडिलांनी हात पुढे केला, "आण हिकडं."

"का? तुमचा फोटो आहे त्याच्यावर?"

मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. दुकानात मी तिच्यासोबत गेले. दुकानदार हळूच म्हणाला, "वहिनी, दादा रोखच नेतात. देऊ?"

"दादांचं दादांना विचार," आई रांगेला ऐकू जाईल अशी कडाडली. "मला गहू हवाय. माप. आणि काटा इकडं फिरव, मला दिसू दे."

दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. गहू आम्ही तसाच गिरणीत नेला.

संध्याकाळी आईनं पोळ्या केल्या. वडील भिंतीकडे तोंड करून बसले. "बायकोच्या फोटोवर आलेला गहू मी खानार नाय."

आम्ही दोघी घास हातात धरून आईकडे पाहत राहिलो. नेहमी ती त्यांची मनधरणी करायची.

"नका खाऊ," आई म्हणाली, आणि त्यांच्या वाटणीच्या पोळ्या आमच्या ताटात वाढल्या.