पेढ्याची उपाशीपोटी शुगर

"ही पोरगी बोलते का नुसती लिहितेच?"

पडद्याच्या पलीकडून नानांचा आवाज आला. अलीकडे मी त्यांच्या बोक्याचे दात बघत होते. सर म्हणाले, "हुशार आहे हो. इंग्लिश मिडियमची आहे." सूर असा, की जणू माझा जुना आजार सांगत होते.

मी जळगावात जनावरांची डॉक्टर आहे, सरांच्या क्लिनिकमध्ये नोकरीला. सरांची हयात गायी-म्हशींत गेली. मांजर आलं की ते माझ्याकडे ढकलतात. नाना मूळचे सावद्याचे, केळीचे मोठे व्यापारी, राहायला आता जळगावात. बोक्याचं नाव पेढा. नऊ किलोंचा पेढा सात किलोंवर आला होता, दिवसभर पाणी प्यायचा आणि मागचे पाय टेकत चालायचा. शुगर निघाली चारशेच्या घरात. लघवीतही साखर. डायबेटीस.

उपचार म्हणजे दिवसातून दोनदा इन्शुलिनचं इंजेक्शन आणि घरी शुगर तपासणं. घरीच, कारण मांजर घाबरलं की त्याची शुगर चढते. पिशवी, रिक्षा, क्लिनिकच्या बाकावरचा कुत्रा, एवढं पार करून आलेल्या धडधाकट मांजराचा आकडाही बघवत नाही. तपासायची पद्धत सोपी. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट फडक्याने कान शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा, म्हणजे सुई आरपार गेली तरी आपल्या बोटात जात नाही, आणि टोचायचं. मोहरीएवढं रक्त पुरतं. मशीन माणसांचंच.

नाना म्हणाले, "मले बारा वर्षांपासून शुगर आहे. माह्या बोटांची चाळणी झाली. मले काय शिकवते?"

खरंच त्यांनी पहिल्या टोचणीत थेंब काढला. मी सूचनांचा कागद दिला: आधी टेस्ट, मग खाणं, मग इंजेक्शन, खाल्लं नाही तर इंजेक्शन नाही. सगळं सुबक टाईप केलेलं, इंग्रजीत. नानांनी तो वाचल्यासारखा केला आणि खिशात घातला. समजलं का, हे मी विचारलं नाही. मोठ्या माणसाला असं विचारणं मला जमत नाही. शिवाय इंग्रजीत लिहून दिलं की आपली जबाबदारी संपते, हा समज मी शाळेतूनच आणलेला.

दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला व्हॉट्सॲपवर मशीनचा फोटो येऊ लागला. ११२. मग १०४. मग ९७. शेवटच्या फोटोखाली नानांनी लिहिलं होतं, "पास का?" सरांनी तो फोटो स्टेटसला ठेवला: आमचा नंबर वन पेशंट.

"सर, हे आकडे जास्तच चांगले आहेत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"इंजेक्शनच्या आधीच शुगर इतकी कमी असेल तर इंजेक्शन देणं धोक्याचं आहे."

"चांगल्या मार्कांची तक्रार करणारी तूच पहिली. मोठं घर आहे. उगाच शंका काढू नको."

मी शंका काढली नाही. नानांना मेसेज केला: दुपारची पण एक टेस्ट कराल का प्लीज? शेवटी स्मायली टाकला. नानांनी उत्तरादाखल गुलाबाचं फूल पाठवलं.

पुढच्या गुरुवारी दहा वाजता नानांच्या बायकोचा, अक्कांचा फोन आला. "मॅडम, पेढा दारू प्यायल्यासारखा चालतो. आता भिंतीले डोकं लावून बसला."

"अक्का, मध आहे घरात?"

"गूळ आहे."

"पाण्यात कालवून हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका. मी निघाले."

पोचले तेव्हा मशीनवर ३८. शुगर इतकी खाली गेली की मांजराला झटके येतात, आणि त्यातच ते मरतं. पायाला सुई लावून ग्लुकोज सुरू केलं. वीस मिनिटांनी पेढ्याने मान उचलली आणि तो माझ्या अंगठ्याला चावला. इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

पेढ्याची वाटी फ्रिजवर पालथी होती, घासूनपुसून.

"सकाळी काय खाल्लं याने?"

"काही नाही. टेस्ट होती ना."

"आणि रात्री?"

"काल दुपारपासूनच बंद. टेस्ट असली की हे वाटी उचलतात."

"इंजेक्शन?"

"ते बरोबर टायमावर. त्यात हे फार पक्के."

मग सगळं उलगडलं. नानांची स्वतःची टेस्ट असली की आठ दिवस आधी गोड बंद, कारल्याचा रस सुरू, आदल्या रात्री जेवणाला सुट्टी. रिपोर्ट हातात पडला की लॅबखालच्याच दुकानात जिलबी. डॉक्टर रागवत नाहीत, रिपोर्ट पाहुण्यांना दाखवता येतो. आमच्याकडे ही पद्धत घरोघर आहे; माझे बाबाही त्यातलेच. नानांनी ती बोक्याला लावली, इतकंच. जनावर खोटं बोलत नाही, असं आम्हाला कॉलेजात शिकवतात. मालकांबद्दल अभ्यासक्रमात काही नाही.

इतके दिवस पेढा वाचला तो बक्षिसामुळे. टेस्ट झाली, इंजेक्शन दिलं, की नाना स्वतःच्या हाताने त्याला वाटीभर खाऊ घालायचे, वर मलई. आज सावद्याला ट्रक भरायचा होता, म्हणून घाईत सुई टोचून निघून गेले. त्यांनी सांगितल्याशिवाय वाटी खाली काढायची नाही, म्हणून अक्का वाट बघत बसल्या.

अक्कांनी कळवल्यावर नाना अर्ध्या रस्त्यातून परत आले. त्यांनी फोन सरांना केला होता, त्यामुळे मागोमाग सरही आले. सरांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीन उचललं.

"होतं असं कधी कधी. मशीन चुकीचं दाखवतं."

"मशीनच!" नानांचा चेहरा उजळला. "मले आधीच वाटत होतं. मग सर, संध्याकाळी सातले नेहमीसारखे दोन युनिट?"

"हो, चालू ठेवा. मशीन बदलून घेऊ."

दोघांनाही गुन्हेगार सापडला होता आणि त्याला तोंड नव्हतं. अक्का मांडीवर बोका घेऊन खाली बघत बसल्या होत्या. नानांनी वाटी फ्रिजवर आणखी आत सरकवली.

पुढचं आधीच सांगते. पेढा अजून आहे, आणि सरांनी मला महिनाभर म्हशींच्या गोठ्यांवर पाठवलं. पण तेव्हा मला फक्त संध्याकाळी सातची ती सुई दिसत होती. माझा आवाज फुटला तो जरा जास्तच मोठा.

"नाना, वाटी खाली घ्या. आज संध्याकाळी इंजेक्शन नाही. उद्यापासून आधी टेस्ट, मग पेढा जेवेल, मग मी आकडा बघून सांगेन, आणि इंजेक्शन अक्का देतील. तुम्ही फक्त बोका धरायचा."